पुळण कोणाची?

कोकणच्या समुद्रकाठाविषयी आजकाल दोन प्रकारची माणसे बोलताना आढळतात. पहिल्या प्रकारची म्हणतात, किनारा ओस पडला आहे, त्याचा विकास करा. दुसऱ्या प्रकारची म्हणतात, किनारा ओस आहे हेच त्याचे भाग्य. त्याला कोणी हात लावू नका, मात्र शनिवार-रविवार आम्हांला तेथे जाऊन पडू द्या. पहिल्यांचा तो धंदा आहे, दुसऱ्यांची ती हौस आहे. वर्तमानपत्रांतून या दोघांचे भांडण कितीही कडाक्याचे दिसले, तरी एका गोष्टीवर दोघांचे पूर्ण एकमत आहे. ती ही की, किनारा ओस आहे. आमचा वाद या भांडणाशी नसून या एकमताशी आहे.

आम्ही राहतो ते सुकापूर पनवेलहून नेऱ्यामार्गे माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नकाशात पाहिल्यास आम्ही समुद्रकाठच्या जिल्ह्यातले, खाडीकाठच्या तालुक्यातले लोक. प्रत्यक्षात आमच्या मुलांना भरती-ओहोटी ठाऊक आहे ती भूगोलाच्या पुस्तकातून. म्हणून आमच्यासारखी कुटुंबे सुट्टी लागली की अलिबागेकडे धाव घेतात. आम्हीही सुमारे वीस वर्षे अशाच एका गावी जात आलो. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. त्याचे कारण पुढे येईलच. आम्ही ज्यांच्या घरी उतरतो त्या काकूंच्या परसदारातून दोन वाड्यांच्या मधून एक गल्ली थेट पुळणीवर उतरते. गल्ली म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये एक माणूस आणि त्याच्या डोक्यावरची पाटी जाईल एवढी वाट, शेवटी सुरूची झाडे आणि मग एकदम समुद्र. त्या पुळणीवर पाहण्यासारखे काही नाही. किल्ला नाही, देऊळ नाही, खाण्याची दुकाने नाहीत. आमच्या मुलांचे बालपण मात्र तेथे वाळूत पडले आहे.

गेल्या मार्गशीर्षात गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक लागले होते. फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेला रखवालदार मोठा सभ्य होता. “साहेब, दोन्ही वाड्या आता एकाच मालकाच्या आहेत. वाट खाजगी झाली. सरकारी रस्ता पुढे आहे, गाडीने पाच मिनिटे,” असे त्याने नम्रपणे सांगितले. आम्ही परत येऊन काकूंपाशी चार शब्द संतापाचे बोललो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “तुम्ही वर्षातून दोनदा येता, म्हणून तुम्हांला राग येतो. मी रोज जात होते.”

या एका वाक्याने आमचा संताप जागच्या जागी थिजला. सत्तरीच्या घरातील ही बाई लग्न होऊन आल्यापासून ओहोटीला त्या वाटेने खाली जाई, खडकांतून शिंपल्या काढी, येताना चुलीसाठी सुरूच्या वाळक्या काटक्या आणी. आता गाडीने पाच मिनिटांचा रस्ता तिच्या पायांना पाऊण तासाचा आहे. ती जात नाही. आणि तिचे जाणे थांबले, ही बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात येणार नाही; कारण त्यांच्या हिशेबी तेथे पूर्वीही कोणी नव्हतेच.

‘ओस’ या शब्दाचा खोटेपणा तो हाच. दुपारी अकरा वाजता शाळेचे मैदान मोकळे दिसते म्हणून ती शाळा बंद पडली असे कोणी म्हणत नाही. मुले वर्गात आहेत हे आपण जाणतो. पुळणीचेही तसेच आहे. दुपारी ती मोकळी दिसते, कारण होड्या समुद्रात असतात. पहाटे येऊन पाहावे, म्हणजे जाळी ओढणारे हात दिसतील. उन्हे चढल्यावर बोंबील वाळत घातलेले दिसतील. ओहोटीच्या घट्ट वाळूवर गावची पोरे चेंडूफळी खेळतात. संध्याकाळी म्हातारी माणसे वाऱ्याला बसतात. अनंत चतुर्दशीला गणपती तेथेच बोळवले जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ तेथेच वाहिला जातो. हे सारे चालते ते फलक न लावता, तिकीट न काढता आणि मुख्य म्हणजे गलबला न करता. आपण शहरवासी ज्याला शांतता म्हणतो, ती माणसांच्या अभावाने निर्माण झालेली नसून माणसांच्या सवयीने निर्माण झालेली आहे. तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ती पुळण वापरली, पण खर्च केली नाही. एवंच, जिला विकासवादी पडीक जमीन समजतात आणि हौशी लोक निसर्गाचा अस्पर्श तुकडा समजतात, ती वास्तविक गावाची ओसरी आहे.

आता पहिल्या पक्षाच्या म्हणण्याचा विचार करू. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा पोटाचा आहे, आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. कोकणातील तरुण मुलगा मुंबईला जातो तो हौसेने जात नाही. मासळी कमी झाली, वाड्या वाटण्यांत तुकडे तुकडे झाल्या. अशा वेळी पाहुण्यांच्या येण्याने चार पैसे घरात येत असतील, तर ‘तुम्ही जुन्या चालीनेच राहा, आम्हांला पाहायला बरे वाटते’ असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु प्रश्न पाहुणे यावेत की नाहीत हा नव्हेच. प्रश्न असा आहे की, पाहुणे यजमानाच्या घरी येणार की यजमानाला घराबाहेर काढून?

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे थंडीत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून तेथे घरटी राखण्याचे काम सुरू केले आणि पुढे २००६ पासून पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोकांना बोलावण्याचा प्रघात पडला. आज मुंबई-पुण्याची माणसे तेथे जातात, गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच हातचे जेवतात, पहाटे रांगेने पुळणीवर जाऊन दोरीच्या अलीकडे उभी राहतात आणि निमूटपणे परत येतात. दोरी कोठे बांधावयाची ते गाव ठरवते. पैसा गावात येतो आणि पुळण गावची राहते. कासव हे केवळ निमित्त होय. खरी गोष्ट ही की, तेथे यजमान जागेवर आहे. ज्यांना विकास हवा आहे त्यांनी हा नमुना डोळ्यांसमोर ठेवावा. वाट विकत घेऊन तिच्यावर फाटक लावणे याला विकास हे नाव देऊ नये.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा काढला जातो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती आठवण अजून ताजी आहे. म्हणून जीवरक्षक हवेत, धोक्याचे फलक हवेत, भरतीच्या वेळा ठळक अक्षरांत लावलेल्या हव्यात, हे आम्हांला शंभर टक्के मान्य आहे. पण यांपैकी कोणत्या गोष्टीसाठी पुळणीवर चारचाकी गाड्या पळवाव्या लागतात, ध्वनिवर्धक लावावे लागतात किंवा सुरूचे बन तोडावे लागते, ते आम्हांला कोणी समजावून द्यावे. उलट ज्या गावची माणसे पुळणीवर रोज असतात, तेथे ‘ओहोटीला त्या बाजूने आत शिरू नका’ असे हटकणारा कोणी तरी असतो. त्या माणसालाच हुसकून लावावयाचे आणि मग सुरक्षिततेची काळजी वाहावयाची, हा न्याय आम्हांला उमगत नाही.

मग कायदा काय करतो, असे वाचक विचारतील. कायदा पुष्कळ बोलतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे भरतीच्या रेषेखालची समुद्राची व खाडीची भूमी सरकारची, म्हणजे पर्यायाने सर्वांची आहे. समुद्र आणि त्याचा काठ सर्वांच्या सामायिक मालकीचा, हे तत्त्व सहाव्या शतकातील रोमन कायद्यातही मांडलेले आहे. आणि आमच्या सर्वोच्च न्यायालयानेही बियास नदीकाठच्या एका खटल्यात, १९९६ च्या डिसेंबरात, सरकार हे अशा संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे असा निर्वाळा दिला. १९९१ साली किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. २०११ साली ती बदलली. २०१९ साली पुन्हा बदलली. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत जी बांधकामबंदी होती, ती या शेवटच्या बदलाने ५० मीटरवर आली. नियम मोडणारे होते आणि आहेत. किहीमच्या किनाऱ्यावरील एक बेकायदा बंगला २०१९ च्या मार्चात सुरुंग लावून पाडावा लागला, हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु नियम पाळूनही जे करता येते, त्याकडे आमचे अधिक लक्ष आहे. काकूंच्या गल्लीवर फाटक लावणाऱ्याने पुळणीवर एक वीटही ठेवलेली नाही. पुळण सर्वांचीच आहे; तेथे पोचण्याची वाट तेवढी त्याची आहे. वहिवाटीचा हक्क शाबीत करावयाचा, तर १८८२ च्या कायद्याप्रमाणे वीस वर्षांचा उघड व अखंड वापर न्यायालयात पुराव्याने दाखवावा लागतो. शिंपल्यांची पाटी घेऊन वकिलाच्या पायऱ्या चढणारी म्हातारी आमच्या तरी पाहण्यात नाही. देवळाचा गाभारा सर्वांना खुला ठेवून देवळाचे दार विकून टाकावे, तसा हा प्रकार आहे.

आमच्या मंडळींत हल्ली जपानचे उदाहरण देण्याची चाल पडली आहे. तेथून आलेल्या एखाद्या लहानशा गावाच्या पुळणीचे चित्र दाखवतात. स्वच्छ वाळू, मागे पाइन वृक्षांची रांग, एखादा म्हातारा कुत्र्याला फिरवतो आहे, दुसरे कोणी नाही. चित्र दाखवून उसासा टाकतात की, शिस्त त्यांच्या रक्तातच आहे. आपल्या लोकांना हे कधी जमावयाचे! हा रक्ताचा सिद्धांत आम्हांला मुळीच मान्य नाही. जपानातही मोठमोठे किनारे कारखान्यांसाठी भर घालून बुजवले गेले आहेत आणि पुष्कळ ठिकाणी समुद्र व गाव यांच्यामध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांची तटबंदी उभी आहे. ह्योगो प्रांतातील ताकासागो हे गाव तेथील जुन्या नाट्यवाङ्मयात तेथल्या पाइन वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. त्या गावचा किनारा कारखान्यांच्या कुंपणाआड गेला, तेव्हा तेथील रहिवाशांनी उसासे टाकले नाहीत. त्यांनी चळवळ उभारली आणि १९७५ साली एक जाहीरनामा काढला. समुद्रकाठी जाणे, फिरणे, शिंपले वेचणे हा प्रत्येकाचा जुना हक्क आहे आणि कोणाच्याही मालकीने तो बुडत नाही, असा त्याचा आशय होता. या हक्काला त्यांनी ‘इरिहामाकेन’, म्हणजे पुळणीवर जाण्याचा हक्क, असे नाव दिले. १९७८ साली मात्सुयामा येथील न्यायालयाने अशा एका दाव्यात तो हक्क मान्य केला नाही, हे खरे. पण शब्द जन्माला आला तो आला. तसेच कानागावा प्रांतातील झुशी या लहान शहराची पुळण उन्हाळ्यात दारू आणि कर्कश गाणी यांनी भरून जाऊ लागली, तेव्हा २०१४ साली नगरपालिकेने नियम करून पुळणीवरचे मद्यपान व ध्वनिवर्धकावरचे संगीत बंद केले. तात्पर्य, चित्रातील शांतता आकाशातून पडलेली नाही. कोणी तरी ती मागितली आहे, कोणी तरी तिच्यासाठी वाईटपणा घेतला आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे आमच्याच पक्षाकडे वळतो. कारण आम्ही त्यातलेच. काकूंच्या गल्लीवर फाटक लावणाऱ्या धनिकाला शिव्या देणे सोपे आहे. पण त्याला त्या गल्लीचा पत्ता कोणी दिला? पहिल्या वर्षी आम्ही एकटे गेलो. परत येऊन चार स्नेह्यांना सांगितले, ‘फार निवांत जागा आहे, अजून कोणाला ठाऊक नाही.’ ते चौघे गेले. त्यांनी प्रत्येकी आणखी चौघांना हेच वाक्य ऐकवले. शेवटी ते वाक्य अशा माणसाच्या कानी गेले, ज्याच्यापाशी केवळ राहण्याचे भाडे नव्हते, वाडी विकत घेण्याची ऐपत होती. शिवडीहून न्हावाशेव्याकडे येणारा सुमारे २२ किलोमीटरचा सागरी पूल २०२४ च्या जानेवारीत खुला झाल्यापासून अशा माणसाला अलिबाग आणखी जवळ आले आहे. आम्ही आज गावाचे नाव देत नाही ते याच पश्चात्तापाने. पण येथेही स्वतःची फसवणूक नको. नाव लपवणे म्हणजे काकूंची पुळण राखणे नव्हे. ती आमच्यापुरती राखणे होय. फाटक लावणारा लोखंडाचे फाटक लावतो, आम्ही मौनाचे लावतो. दोघांनाही पुळण हवी आहे ती दुसऱ्या माणसाविना.

आणि दुसऱ्याच्या पुळणीसाठी एवढे हळहळणारे आम्ही स्वतःच्या पाण्याचे काय केले? पनवेल हे एके काळी नावाजलेले बंदर होते. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यावर पुण्याचा माल आणि प्रवासी घाट उतरून पनवेलला येत आणि येथून गलबताने मुंबईस जात. १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली आणि बंदराचा भाव उतरला. पुढे न्हावाशेव्याला मोठे बंदर झाले. सिडकोचे शहर वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आले. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून, गावे हलवून तेथे विमानतळ उभा राहिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले. या सर्वांची गरज नव्हती असे आम्ही म्हणत नाही. परंतु २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरण-पनवेलकडील १,६३० कोळी कुटुंबांना, त्यांची मासेमारीची जागा गेल्याबद्दल, सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला, तेव्हा आमच्यापैकी कितीजणांनी ती बातमी पुरती वाचली? गव्हाणचा कोळीवाडा आमच्याच तालुक्यातला. त्यांची खाडी गेली तेव्हा आम्ही अलिबागेच्या खोल्या राखून ठेवण्यात गुंतलो होतो. शेजारच्या पाण्याला पाठ केली की दूरच्या पाण्यावर लोंढा जाऊन आदळतो, हा अगदी साधा हिशेब आहे. सुकापुराहून तासाभराच्या आत, खारफुटीच्या कडेने बसता येईल असा खाडीचा एक स्वच्छ, मोकळा काठ आमच्या मुलांना मिळाला असता, तर काकूंच्या गल्लीवर एवढा भार पडला नसता.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. किनाऱ्यावरील प्रत्येक गावाने पुळणीकडे उतरणाऱ्या आपल्या गल्ल्या मोजून गावच्या नकाशावर आणि दप्तरात नोंदवून घ्याव्यात. अजून ज्यांवर फाटक लागलेले नाही, त्यांचे काम आधी करावे. पुळणीवर गाड्या येतील का, दिवे किती लागतील, आवाज कोठवर चालेल, हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा असावा आणि सरकारने त्या ठरावामागे उभे राहावे. पाहुण्यांकडून कर घ्यावा. आम्ही तो आनंदाने देऊ. आणि पनवेलकरांनी, त्यात सुकापूरकर आलेच, आपल्या खाडीच्या काठाची मागणी पाण्याच्या नळाइतक्याच हट्टाने करावी. ही मागणी चैनीची आहे असे जे म्हणतील, त्यांनी आपली सुट्टी कोठे घालवली ते आधी सांगावे.

आक्षीच्या वाटेवर एक जुना शिलालेख आहे. त्यावरील शक ९३४ असा वाचला गेला असून त्या वाचनाप्रमाणे तो इ. स. १०१२ चा, मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक ठरतो. त्यातील राजा स्वतःला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवतो. आणि ही एवढी पदवी मिरवून तो दगडावर कोरवतो काय, तर देवीसाठी दिलेल्या देणगीची नोंद. समुद्राचे अधिपती आजही पुष्कळ झाले आहेत. फरक इतकाच की, आजचा अधिपती दगडावर कोरतो ते ‘आत येण्यास मनाई आहे’ एवढेच.

काकूंनी अजून अर्ज केलेला नाही. आमच्यापाशी मात्र त्या गल्लीत काढलेली वीस वर्षांची छायाचित्रे आहेत. मुलांची उंची त्यांत वर्षावर्षाने वाढत जाते आणि मागे ती वाट प्रत्येक वेळी उघडी दिसते. हौसेने जमवलेला हा संग्रह प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडण्यासारखा आहे. पुढच्या खेपेस आम्ही समुद्र पाहावयास जाणार नाही. ती छायाचित्रे घेऊन काकूंबरोबर तहसील कचेरीत जाणार आहोत.